सतत विजेला जोडलेल्या टॅब्लेटच्या बॅटरीचे आरोग्य : एक अभ्यास

प्रास्ताविक

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात रुग्णसंख्या, शस्त्रक्रिया, शिबिरे आणि जमाखर्च यांची माहिती असावी, अशी वाचकांची रास्त अपेक्षा असते. त्याच पानांत टॅब्लेटच्या बॅटरीविषयी लेख कशासाठी, असा प्रश्न काही सन्माननीय देणगीदारांना आणि विश्वस्तांना पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर एका प्रसंगात आहे.

गेल्या उन्हाळ्यात आपल्या नोंदणी कक्षातील एका टॅब्लेटचा पडदा कडेने उचलला गेला. आतील बॅटरी फुगली होती. यंत्र तत्काळ बंद करावे लागले. रात्रीच्या एसटीने मेळघाटातून आलेले एक कुटुंब त्या वेळी रांगेत पुढे उभे होते. रुग्णाचे छायाचित्र आणि कागदपत्रे योजनेच्या संकेतस्थळावर पाठवणे थांबले. दुसऱ्या विभागातील टॅब्लेट आणून काम पूर्ण करेपर्यंत सकाळ उलटून गेली. उपचारांत बाधा आली नाही, ही समाधानाची गोष्ट. परंतु उपाशीपोटी बाकावर बसलेल्या त्या वृद्ध रुग्णाची ताटकळ टाळता आली असती, ही रुखरुख मनात राहिली. हे यंत्र देणगीतून आलेले होते, त्याला कोणी पाडले नव्हते आणि त्यावर पाणीही सांडले नव्हते. ते केवळ अहोरात्र विजेला जोडलेले होते. आमच्या समजुतीप्रमाणे ती त्याची काळजीच होती. त्या समजुतीत चूक कोठे होती, याचा शोध म्हणजे प्रस्तुत लेख होय. घरोघरी मुलांच्या अभ्यासासाठी वा वृद्धांच्या करमणुकीसाठी टॅब्लेट असल्याने रुग्णांच्या नातेवाइकांनाही तो उपयोगी पडावा.

टॅब्लेट रुग्णालयात कसा आला

अमरावती जिल्ह्याचा या बदलाशी जुना संबंध आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेचा पहिला टप्पा २ जुलै २०१२ रोजी राज्यातील आठ जिल्ह्यांत सुरू झाला, त्यांत अमरावती होता. पुढील टप्प्यात अकोल्यासह उर्वरित जिल्हे आले. २०१७ मध्ये योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. या योजनेमुळे उपचारांची पूर्वपरवानगी, छायाचित्रे आणि तपासण्यांचे अहवाल संगणकीय मार्गाने पाठवणे धर्मादाय रुग्णालयांच्या नित्यकर्माचा भाग झाले. धारणी तालुक्यातील हरिसाल हे गाव राज्य शासन आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या सहकार्याने २०१६ च्या सुमारास डिजिटल गाव म्हणून पुढे आले आणि दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याचा प्रयोग मेळघाटाच्या डोंगरात पोहोचला. त्याच वर्षी परिचारिकांच्या नोंदींसाठी केंद्र शासनाची ‘अनमोल’ ही टॅब्लेटवर चालणारी प्रणाली आली. २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले आणि नोंदणीच्या खिडकीवर आरोग्य खात्याची ओळख पटवणे हे नवे काम आले.

परिणामी एके काळी कागदी वही असलेल्या जागी आज टॅब्लेट उभा आहे. वही रात्री मिटून ठेवली जाई. टॅब्लेट मात्र भिंतीवरच्या वा टेबलावरच्या चौकटीत, मागे वायर लावून, दिवसरात्र तसाच राहतो. तो हातात घेऊन फिरण्यासाठी घडवलेला आहे. आपण त्याला खिळून ठेवले. पुढील सर्व प्रश्न यातून उद्भवतात.

तीन बॅटऱ्या, तीन स्वभाव

वऱ्हाडात बॅटरी हा शब्द कोणाला नवा नाही. २००५ नंतरच्या काही वर्षांत दीर्घ भारनियमनाने घराघरांत इन्व्हर्टर आणला. ‘लाइन गेली’ हे शब्द ऐकताच इन्व्हर्टरकडे पाहण्याची सवय आपल्याला तेव्हा लागली आणि बॅटरीविषयीचे आपले व्यवहारज्ञानही तेथेच घडले. इन्व्हर्टरची बॅटरी शिसे आणि आम्ल यांची असते. तिला पूर्ण भरलेले राहणे मानवते. ती अर्धवट रिकामी पडून राहिली तर तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण थर जमतात आणि ती लवकर निकामी होते. ‘बॅटरी नेहमी भरून ठेवावी’ हा नियम तिच्यापुरता बरोबर आहे.

जुन्या बिनतारी दूरध्वनींत आणि काही वैद्यकीय उपकरणांत निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्या असत. त्या अधूनमधून पूर्ण रिकाम्या कराव्यात, असा सल्ला तेव्हा दिला जाई आणि त्या प्रकारासाठी त्यात तथ्यही होते.

टॅब्लेट आणि मोबाइल यांतील बॅटरी तिसऱ्या प्रकारची, म्हणजे लिथियम-आयन आहे. १९९१ मध्ये ती प्रथम बाजारात आली. तिच्या पायाभूत संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. हिला पूर्ण भरलेले राहणेही मानवत नाही आणि पूर्ण रिकामे होणेही मानवत नाही. मधल्या स्थितीत ती सर्वाधिक निरोगी असते. पहिल्या दोन प्रकारांचे नियम तिला लावणे म्हणजे एका रुग्णाचे औषध दुसऱ्याला देणे होय.

पूर्ण भरलेली बॅटरी का झिजते

या बॅटरीत एका बाजूस धातूच्या ऑक्साइडचा आणि दुसऱ्या बाजूस ग्रॅफाइटचा थर असतो. मध्ये सेंद्रिय द्रावण असते. भरताना लिथियमचे कण ऑक्साइडकडून ग्रॅफाइटकडे जातात, वापरताना ते परत येतात. सर्वसाधारण बॅटरीचा दाब ३.७ व्होल्टच्या आसपास मानला जातो. पूर्ण भरल्यावर तो ४.२ व्होल्टपर्यंत आणि अलीकडील काही प्रकारांत त्याहून थोडा अधिक चढतो.

या चढलेल्या दाबाखाली द्रावणाचे हळूहळू विघटन होते, ग्रॅफाइटवरील संरक्षक थर जाड होत जातो आणि ये-जा करणारे लिथियम त्यात अडकून पडते. म्हणून धारणशक्ती घटते. विघटनातून वायूही निर्माण होतो. टॅब्लेटची बॅटरी मऊ पाकिटासारखी असल्याने वायू साठला की पाकीट फुगते आणि पडदा उचलला जातो. आमच्या टॅब्लेटचे नेमके हेच झाले.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. टॅब्लेट पूर्ण भरल्यावर त्यातील मंडल वीज घेणे थांबवते. म्हणून बॅटरीत मर्यादेबाहेर वीज ‘कोंबली’ जात नाही. हानी होते ती सतत काठोकाठ भरलेल्या स्थितीत राहिल्याने. थोडी वीज खर्च झाली की मंडल ती पुन्हा भरते आणि बॅटरी महिनोन्महिने त्या उच्च दाबाखालून सुटत नाही. अभियंत्यांत रूढ असलेल्या ठोकताळ्यानुसार कमाल दाब ४.२ व्होल्टवरून प्रत्येक ०.१ व्होल्टने खाली आणल्यास भरण्या-रिकामे होण्याच्या चक्रांत मोजलेले आयुष्य जवळपास दुप्पट होते.

वऱ्हाडाचे ऊन

दुसरा शत्रू उष्णता. अकोल्याचा उन्हाळा सर्वपरिचित आहे. मे २०२४ मध्ये तेथील तापमान ४५ अंशांपुढे गेल्यावर जिल्हा प्रशासनाला कलम १४४ लागू करावे लागले आणि कामगारांसाठी पाणी व सावलीची व्यवस्था बंधनकारक करावी लागली. अमरावतीची स्थिती फारशी वेगळी नसते. याउलट अनेक टॅब्लेटांसाठी वापराच्या जागेचे तापमान ० ते ३५ अंश सेल्सिअस असावे, अशी उत्पादकांची सूचना असते. म्हणजे आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत कूलर नसलेल्या खोलीतील टॅब्लेट दुपारभर उत्पादकाने आखलेल्या मर्यादेबाहेरच काम करीत असतो. त्यात पडद्याची आणि चार्जिंगची उष्णता मिळते.

उष्णता आणि पूर्ण भरलेली स्थिती एकत्र आल्यावर काय होते, हे बॅटरीविषयक अभ्यासांत वारंवार उद्धृत होणाऱ्या काही आकड्यांवरून स्पष्ट होते. एक वर्ष साठवून ठेवलेल्या लिथियम-आयन बॅटरीत मूळ धारणशक्तीपैकी किती उरते, याचे हे अंदाज आहेत.

२५ अंश तापमानात, ४० टक्के भरलेली : ९६ टक्के
२५ अंश तापमानात, १०० टक्के भरलेली : ८० टक्के
४० अंश तापमानात, ४० टक्के भरलेली : ८५ टक्के
४० अंश तापमानात, १०० टक्के भरलेली : ६५ टक्के

प्रत्येक बॅटरीची घडण वेगळी असल्याने हे आकडे तंतोतंत लागू होतील असे नाही. परंतु दिशा निःसंदिग्ध आहे. चाळीस अंशांत अर्धवट भरलेली बॅटरी वर्षात १५ टक्के गमावते, तर काठोकाठ भरलेली ३५ टक्के. ऊन आपल्या हाती नाही; बॅटरी किती भरलेली ठेवायची, हे मात्र आहे. भर दुपारी तुडुंब जेवून उन्हात उभे राहू नये, हे आपल्याकडे लहान मुलालाही सांगावे लागत नाही. बॅटरीचेही तसेच आहे.

उपाय पहिला : भरण्याची मर्यादा

अलीकडील अनेक टॅब्लेटांत ही सोय मुळातच असते. सॅमसंगच्या अनेक टॅब्लेटांत ‘बॅटरी संरक्षण’ या नावाने सुमारे ८० किंवा ८५ टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची व्यवस्था आहे. ॲपलने २०२४ पासूनच्या काही आयपॅडांत ८० टक्क्यांची मर्यादा दिली आहे. अन्य काही उत्पादकांनी दीर्घकाळ जोडून ठेवलेले यंत्र ओळखून मर्यादा आपोआप खाली आणण्याची योजना केली आहे. सेटिंग्जमधील ‘बॅटरी’ हा विभाग उघडून ही सोय सुरू करण्यास दोन मिनिटे पुरतात. ज्या यंत्रात ती आहे, तेथे अन्य खटाटोप करण्याचे कारण नाही.

उपाय दुसरा : वेळेचे बटण

जुन्या वा स्वस्त टॅब्लेटांत अशी सोय नसते. तेथे चार्जर आणि विजेचा बोर्ड यांच्यामध्ये वेळ लावण्याचे बटण, म्हणजे टायमर, बसवावा. पंधरा-पंधरा मिनिटांच्या खुंट्या असलेला साधा टायमर विजेच्या सामानाच्या दुकानात मिळतो. तो कसा लावावा, याचा हिशेब उदाहरणाने पाहू.

टॅब्लेटची बॅटरी ७,००० मिलिअँपिअर-तास आणि दाब ३.८५ व्होल्ट असेल, तर तिची साठवण सुमारे २७ वॉट-तास होते. पडदा सतत चालू असताना यंत्र ४ वॉट खर्च करते असे धरल्यास दोन तासांत ८ वॉट-तास, म्हणजे सुमारे ३० टक्के वीज खर्च होईल. चार्जर १० वॉटचा असेल, तर त्यातील ४ वॉट चालू वापरात जाऊन ६ वॉट बॅटरीला मिळतील. खर्च झालेली वीज भरून येण्यास सुमारे १ तास २० मिनिटे लागतील. चार्जिंगमधील घट लक्षात घेता दोन तास बंद आणि दीड तास चालू, हा क्रम ठीक ठरेल. सुरुवातीला बॅटरी ७५ टक्क्यांवर असताना हा क्रम सुरू करावा आणि आठवडाभर सकाळ-संध्याकाळ आकडा पाहावा. आकडा वर सरकत गेला तर चालू वेळ एका खुंटीने कमी करावी, खाली सरकत गेला तर एका खुंटीने वाढवावी. रात्री यंत्र पूर्ण बंद करून चार्जिंगही बंद ठेवावे. वीज गेल्यास यांत्रिक टायमरचे घड्याळही थांबते आणि नंतर मागे पडते. म्हणून वीज गेलेल्या दिवशी ते पुन्हा जुळवणे आवश्यक आहे.

उपाय तिसरा : जागा आणि वापर

टॅब्लेटची जागा निवडताना खिडकीतून येणारे ऊन, पश्चिमेची तापणारी भिंत, इन्व्हर्टर आणि स्टॅबिलायझर यांचे सान्निध्य टाळावे. भिंतीवरील चौकटीत मागे हवा खेळेल इतकी पोकळी असावी. रेक्झिनचे जाड आवरण स्थिर टॅब्लेटला निरुपयोगी आहे. ते काढून टाकावे. पडद्याचा उजेड गरजेपुरता ठेवावा आणि काम नसताना पडदा आपोआप मालवेल अशी योजना करावी. कूलरच्या झोतासमोर यंत्र ठेवू नये, कारण ओलावा जोडणीच्या छिद्रात गंज निर्माण करतो. रुग्णवाहिकेतील टॅब्लेट उन्हात उभ्या गाडीत कधीही सोडून येऊ नये. बंद गाडीतील तापमान बाहेरच्या तापमानाच्या बरेच पुढे जाते.

जेथे हा नियम लावू नये

या लेखातील सर्वांत महत्त्वाची सूचना ही आहे. वर सांगितलेला मर्यादेचा नियम केवळ टॅब्लेट, मोबाइल आणि तत्सम कार्यालयीन यंत्रांसाठी आहे. हृदयाला विजेचा धक्का देणारे डिफिब्रिलेटर, व्हेंटिलेटर, सिरिंज पंप, रुग्णाजवळचे मॉनिटर आणि अन्य जीवरक्षक उपकरणे उत्पादकाच्या सूचनेनुसार कायम जोडलेली आणि पूर्ण भरलेलीच असली पाहिजेत. तेथे बॅटरीचे आयुष्य दुय्यम आहे, रुग्णाचे प्रथम. अशा उपकरणाला टायमर लावणे हा अक्षम्य प्रमाद ठरेल. बॅटरी वाचवण्याच्या उत्साहात कोणत्याही कर्मचाऱ्याने वा नातेवाइकाने वॉर्डमधील कोणताही प्लग काढू नये. रुग्ण घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर वा तत्सम यंत्र वापरत असल्यास त्यालाही हेच लागू आहे.

फुगलेली बॅटरी : ओळख आणि कृती

दर महिन्याला प्रत्येक टॅब्लेट सपाट टेबलावर ठेवून पाहावा. तो डोलत असेल, पडद्याची कड उचललेली दिसत असेल, बाजूचे बटण घट्ट झाले असेल, पडद्यावर एके ठिकाणी फिकट डाग उमटला असेल वा पाठीमागची बाजू नेहमीपेक्षा अधिक तापत असेल, तर बॅटरी फुगल्याची शंका घ्यावी. अशा वेळी पुढील क्रम पाळावा.

प्रथम बोर्डावरील बटण बंद करून चार्जर काढावा आणि यंत्र बंद करावे. उचललेला पडदा दाबून बसवण्याचा मोह टाळावा. बॅटरीला टाचणी वा पेचकस लावू नये. यंत्र कागद, कापूस, स्पिरिट आणि ऑक्सिजनच्या सिलिंडरपासून दूर, मोकळ्या हवेत फरशीवर ठेवावे. ते पुन्हा विजेला जोडू नये. धूर वा ज्वाळा दिसल्यास प्रथम रुग्णांना दूर न्यावे आणि १०१ क्रमांकावर अग्निशमन दलाला कळवावे.

भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात कक्षाला ९ जानेवारी २०२१ रोजी लागलेल्या आगीत दहा बालके दगावली. त्या दुर्घटनेचा टॅब्लेटशी संबंध नव्हता; परंतु रुग्णालयातील प्रत्येक विद्युत उपकरणाकडे जबाबदारीने पाहावे, हा धडा विदर्भाने त्या रात्री फार मोठ्या किमतीने घेतला आहे.

निकामी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नये, कचराकुंडीत वा जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिशवीत टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती अधिकृत संकलन केंद्राकडे किंवा पुनर्चक्रण करणाऱ्या संस्थेकडे गेली पाहिजे. टॅब्लेट देण्यापूर्वी त्यातील रुग्णांची माहिती पूर्णपणे पुसणे हेही आपले कर्तव्य आहे.

देणगीदार आणि विश्वस्तांना नम्र निवेदन

टॅब्लेट देऊ इच्छिणाऱ्या देणगीदारांनी खरेदीपूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात : भरण्याची मर्यादा घालण्याची सोय आहे काय, बॅटरी बदलून मिळते काय, आणि उत्पादक किती वर्षे सुरक्षाविषयक सुधारणा पुरवणार आहे. काही मजबूत बांधणीच्या टॅब्लेटांची बॅटरी हाताने काढता येते आणि त्यांतील काही तर बॅटरीविनाही थेट विजेवर चालू शकतात; एका जागी कायम राहणाऱ्या कामासाठी त्या अधिक योग्य होत. भेट मिळालेली यंत्रे वितरणापर्यंत कपाटात राहणार असतील, तर ती सुमारे निम्मी भरून, बंद करून, थंड जागी ठेवावीत आणि तीन-चार महिन्यांनी एकदा पाहावीत. पूर्ण भरून ठेवू नयेत, पूर्ण रिकामीही सोडू नयेत.

विश्वस्त मंडळास विनंती, की यंत्रखरेदीच्या तरतुदीबरोबर बॅटरी बदलण्याच्या खर्चाची छोटी तरतूदही असावी. कितीही काळजी घेतली तरी बॅटरी झिजणारच. ती ठरल्या वेळी बदलल्यास यंत्र वाचते. नव्या यंत्रापुढे हा खर्च अल्प आहे. प्रत्येक यंत्रावर खरेदीची तारीख लिहिलेली चिठ्ठी आणि मासिक तपासणीची एक वही, एवढ्यावर ही व्यवस्था उभी राहू शकते.

समारोप

गाडगेबाबांचा जन्म अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचा आणि त्यांची समाधी अमरावतीत. लोकांनी दिलेल्या पैशाला जपावे, तो स्वतःवर खर्चू नये, ही शिकवण या भूमीला त्यांच्या आचरणातून मिळाली. देणगी म्हणून आलेल्या प्रत्येक यंत्रात कोणाच्या तरी श्रमाचा, शेतीच्या उत्पन्नाचा वा निवृत्तिवेतनाचा वाटा असतो. ते दोन वर्षांऐवजी चार वर्षे चालले, तर तोच पैसा दुसऱ्या एखाद्या रुग्णाच्या औषधाकडे वळतो.

त्या सकाळी ताटकळलेल्या वृद्ध रुग्णाचे नंतरचे उपचार यथास्थित पार पडले. घरी जाताना त्यांच्या सुनेने खिडकीशी येऊन विचारले, “ते यंत्र बरं झालं का हो?” यंत्र बरे झाले नव्हते, परंतु त्याच्या जागी आलेल्या टॅब्लेटमागे आता मर्यादा घातलेली आहे आणि त्याची चिठ्ठी दर महिन्याला भरली जाते. येत्या उन्हाळ्यात ही व्यवस्था कसोटीस उतरावी, यासाठी सर्व कर्मचारी बंधुभगिनींचे आणि आपणा सर्वांचे सहकार्य लाभावे, ही नम्र विनंती.